मुंगीची वाट: इगतपुरीचे दहा दिवस आणि नंतरची घरची बैठक

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला, म्हणजे मौनात राहून श्वास आणि शरीरातल्या संवेदना बघायला शिकवणाऱ्या शिबिराला, जायचं ठरलं की तयारी गुडघ्यांपासून सुरू करावी. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर पहाटे ४ वाजता घंटा होते. जेवणखाण, विश्रांती आणि संध्याकाळचं प्रवचन वगळलं तरी रात्री ९ पर्यंत पावणेअकरा तासांची बैठक भरते. ऑफिसच्या खुर्चीला सरावलेलं शरीर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुरकुरायला लागतं आणि साधना बाजूला राहून सगळा वेळ त्याची समजूत घालण्यात जातो. म्हणून निदान तीन आठवडे आधीपासून जमिनीवर मांडी घालून जेवावं, आणि रोजची एक वेगळी बैठक २० मिनिटांपासून ४५ मिनिटांपर्यंत वाढवत न्यावी.

उशी किंवा घोंगडीची घडी ४ ते ६ इंच उंच हवी. तिच्या पुढच्या कडेवर बसावं, मधोमध बसू नये. दोन्ही गुडघे खाली टेकले पाहिजेत. ते अधांतरी राहिले की कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि विसाव्या मिनिटाला खांद्यांच्या मधे दुखायला लागतं. दुखतं पाठीत, पण चूक असते उशीच्या उंचीत. एखादा गुडघा टेकत नसेल तर त्याच्याखाली टॉवेलची घडी सारावी.

दुखण्याचे दोन प्रकार जाण्याआधीच ओळखायला शिकावेत. कुल्ल्यात, मांडीत, घोट्यावर येणारं ठणकतं दुखणं बहुतेक वेळा दाबाचं असतं. पाय मोकळा केला की दोन-चार मिनिटांत ओसरतं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुरी टोचल्यासारखी कळ येत असेल तर ते प्रकरण वेगळं. खुब्याचा सांधा पुरेसा उघडत नाही, म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि तिथली कूर्चा चेपली जाते. ही कळ ‘समतेनं’, म्हणजे प्रतिक्रिया न देता, बघत बसू नये. खुर्ची मागून घ्यावी. खुर्चीवर बसल्यानं साधना तसूभरही कमी होत नाही. बधिर होण्याचंही असंच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, कातडीच्या अगदी खालून एक मज्जातंतू जातो. तो दाबला गेला की पाय झोपतो. उठल्यावर पाच मिनिटांत जागा झाला तर काळजी नाही. पाऊल वर उचलता येईना, चालताना बोटं जमिनीला घासायला लागली, तर ती मांडी त्या दिवसापासून बंद.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. फी नाही, आधी शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधं विचारलेली असतात. तिथं एक शब्दही लपवू नये, हे अगदी कळकळीचं सांगणं. ज्याला पूर्वी उन्मादाचा किंवा भ्रमाचा झटका येऊन गेला आहे, त्याला दहा दिवसांचं मौन आणि कमी झोप झेपेलच असं नाही. २०१७ साली विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी पाश्चात्य देशांतल्या ६० बौद्ध साधकांच्या मुलाखतींवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानातून येणाऱ्या अवघड अनुभवांचे त्यात ५९ प्रकार निघाले: भीती, झोप उडणं, आपण आपल्या शरीरात नाही असं वाटत राहणं, आणि असं बरंच. ध्यान ही गुळचट गोष्ट नाही. गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनानं बंद करून तर मुळीच जाऊ नये.

नाशिकहून महामार्ग बसस्थानकावरून मुंबईकडच्या गाड्या मिळतात, नाशिकरोडहून रेल्वे आहे. पांडवलेणीचा डोंगर मागे टाकून अंदाजे ४० किलोमीटरवर इगतपुरी. जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर कपड्यांचे दोन जोड जास्तीचे न्या, कारण तिथल्या पावसात धुतलेलं तीन दिवस वाळत नाही आणि ओलसर पायजम्यात तासभर बसणं ही मोठी शिक्षा आहे. छत्री, टॉर्च, शाल, ढगळ कपडे, साधं गजराचं घड्याळ. मोबाइल, वही, पुस्तक, जपमाळ सगळं जमा करावं लागतं.

ही शिबिरं ज्यांनी सुरू केली त्या सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांचा जन्म ब्रह्मदेशातल्या मंडालेचा. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून धम्मगिरीचं केंद्र उभं राहिलं. आजही प्रवचन आणि सूचना त्यांच्याच आवाजातल्या ध्वनिमुद्रणावरून होतात. सहायक आचार्य समोर बसलेले असतात आणि दुपारी १२ ते १ मध्ये त्यांना अडचणी विचारता येतात. इतरांशी आर्य मौन: बोलणं नाही, खुणा नाहीत, नजरानजरही नाही. संध्याकाळी ५ वाजता नव्या साधकांना चहा आणि फळं किंवा हलकं काही मिळतं, जुन्यांना लिंबूपाणी. दुपारच्या जेवणात पोटाला तडस लागेल इतकं जेवलं तर १ ते २:३० ची बैठक झोपेत गेलीच म्हणून समजा. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवा.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे फक्त श्वास. मंत्र नाही, आकृती नाही, मोजणं नाही. आधी नाकपुड्या आणि नाकाचा आतला भाग, मग क्षेत्र लहान करत करत तिसऱ्या दिवशी नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर, मिशीची जागा. आत येणारी हवा गार, बाहेर जाणारी कोमट आणि दमट, हा फरक पहिल्या दिवशी कळतो. दुसऱ्या दिवशी एका नाकपुडीतून जास्त वारा जातोय हे लक्षात येतं. ती सर्दी नव्हे. नाकाच्या आतली सूज काही तासांनी बाजू बदलत असते, प्रत्येकाची. तिसऱ्या दिवशी त्या बोटभर जागेत खाज, धडधड, ओढ, ओलेपणा असं इतकं काही चाललेलं असतं की आयुष्यभर हे कुठं होतं असा प्रश्न पडतो.

इथं सगळ्यात जास्त बिघडतं ते एकाच कारणानं: बघता बघता आपण श्वास घ्यायला लागतो. येणारा श्वास आणि घेतलेला श्वास यांतला फरक छातीत कळतो. घेतलेल्या श्वासाला शेवटी एक छोटा धक्का असतो. असं झालं की दोन-तीन श्वास मुद्दाम जोरात घ्यावेत आणि मग सोडून द्यावं, तो आपली चाल परत धरतो. हे केलं नाही आणि तासभर थोडा जास्तच श्वास चालू राहिला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि ओठांभोवती, बोटांच्या टोकांना झिणझिण्या येतात. पुढे सूक्ष्म संवेदना म्हणून जे सांगतात ते हेच, असं समजून साधक खूश होतो. ओळखायची खूण सोपी: या झिणझिण्यांबरोबर डोकं हलकं होतं आणि श्वास सावकाश केला की पाच मिनिटांत सगळं विरतं.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जाते. टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत, मग उलट, एकेका भागावरून लक्ष न्यायचं आणि जी संवेदना असेल ती नुसती जाणायची. टाळूवर रुपयाएवढ्या जागेपासून सुरुवात. पहिली दहा मिनिटं तिथं काही म्हणजे काही नसतं. मग केसांच्या मुळाशी मुंगी चालल्यासारखं होतं. हात उचलून बघावंसं वाटतं, बघायचं नाही. मुंगी थांबते, तिच्या जागी पुसट उष्णता येते, ती पसरते, आणि कडेला पोचेपर्यंत मधली विरलेली असते. हे ‘अनित्य’. शब्द म्हणून आपण तो हजार वेळा ऐकलेला असतो.

आता ही मुंगी आधीपासून तिथं होती का, की लक्ष गेल्यामुळे उगवली? हा प्रश्न शिबिरात सोडवायचा नसतो, पण तो खरा प्रश्न आहे. २०११ मध्ये मायकेल आणि नावतर या फ्रान्समधल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी साध्या लोकांना आपल्या हाताकडे लक्ष द्यायला सांगून तिथं काय जाणवतं ते नोंदवलं. बाहेरून काहीही स्पर्श नसताना झिणझिण, गुदगुल्या, ऊब असं सगळं जाणवलं. म्हणजे संवेदना जाणवायला सिद्धी लागत नाही, लक्ष पुरतं. त्यामुळे ‘मला सगळीकडे जाणवायला लागलं’ ही प्रगतीची खूण मानू नये. जाणवल्यावर हवंसं-नकोसं किती होतं, तेवढंच मोजायचं.

विपश्यना दिल्यानंतर अधिष्ठान सुरू होतं: रोज तीन वेळा एक-एक तास, हात-पाय न हलवता, डोळे न उघडता. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास दुखण्याचा डोंगर होतो. त्या डोंगराकडे एकगठ्ठा बघितलं तर तो आणखी वाढतो. त्याची कड शोधावी. कुठं संपतंय? कड सापडत नाही, हलत राहते. मधे शिरलं तर उष्णता वेगळी, दाब वेगळा, ठोका वेगळा, आणि ‘आता नाही सहन होत’ हे वाक्य त्यांच्याहून वेगळं, घशाशी कुठंतरी. ते वाक्य वेगळं दिसलं की पाय तेवढाच दुखतो, पण त्रास निम्म्यावर येतो. पूर्ण शिबिरातला सगळ्यात उपयोगी धडा हाच, असं माझं मत आहे. विजेसारखे प्रवाह वगैरे नंतरची गोष्ट.

ते प्रवाहही येतात, कुणाला सातव्या दिवशी, कुणाला कधीच नाही. डोक्यापासून पायापर्यंत लक्ष एका सपाट्यात वाहतं, शरीराची कड पुसते, हात कुठं संपला आणि मांडी कुठं सुरू झाली ते कळत नाही. परंपरेत याला भंग म्हणतात. कड पुसण्यामागे एक साधं कारणही आहे: मेंदूला शरीराची बाह्यरेषा हालचालीतून आणि बदलत्या दाबातून कळत राहते. तासभर निश्चल बसलं की ही खबर क्षीण होते. कारण कळलं म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. पण ‘मी शरीर नाही हे मला कळलं’ असं त्यावरून म्हणणं हे अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. प्रत्यक्ष एवढंच होतं: कड जाणवत नव्हती. आठव्या दिवशी प्रवाह मिळाला आणि नवव्या दिवशी पुन्हा दगडासारखा खांदा हाती आला की माणूस रडकुंडीला येतो. कालचं हवं असतं. आचार्य अशा वेळी जे सांगतात ते अक्षरशः घ्यावं: खांदा जसा आहे तसा.

दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची साधना, आणि मग मौन सुटतं. त्या दिवशी फार बोलू नये. घसा बसतो, आणि आवाज इतके मोठे वाटतात की डोकं धरतं. अकराव्या दिवशी सकाळी घरी.

आता अद्वैताकडे, म्हणजे बघणारा आणि बघितलं जाणारं वेगळं नाही असं मानणाऱ्या वाटेकडे. शिबिराच्या काळात दुसरी कोणतीही साधना मिसळायची नाही असा नियम आहे आणि तो पाळावा, नाहीतर अडचण कशामुळे आली हे आचार्यांनाही सांगता येत नाही. पण नाशिकचा माणूस घरी येतो तेव्हा एका बाजूला त्रिरश्मीवरची, म्हणजे पांडवलेणीच्या डोंगरावरची, भिक्खूंची लेणी असतात आणि दुसऱ्या बाजूला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी. ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला असं परंपरा सांगते. बौद्ध म्हणतो, शोध, आत्मा सापडत नाही. अद्वैती म्हणतो, शोधणाराच तो आहे. इंचगिरी संप्रदायाचे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग अशी वाटणी करत: मुंगीची वाट आणि पाखराची वाट. मुंगी झाडावर कणाकणानं चढते, पाखरू थेट फळावर उतरतं. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत राहून ‘मी आहे’ या नुसत्या जाणिवेला धरून बसा, असं सांगत. टाळूवरच्या मुंगीनंतर ही भाषा वेगळीच वाटते, पण सतरंजीवर दोन्ही पडताळून बघता येतात.

पडताळणी अशी. घरी पहाटे ५ ला बसावं. शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगतात, पण नोकरी-घर सांभाळून सकाळची ४५ मिनिटं वर्षभर टिकली तरी पुष्कळ. तिसऱ्या आठवड्यात खंड पडतो, बहुतेकांचा. एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशी दहाच मिनिटं बसावं, दुप्पट बसून भरपाई करू नये. तर पहिली ३० मिनिटं श्वास आणि शरीर. मग शरीरावरून लक्ष फिरवणं थांबवायचं आणि बाहेरचा एखादा आवाज येऊ द्यायचा. सुटीच्या दिवशी उशिरा बसलं तर घंटागाडी चांगली. लांबून तिचं गाणं येतं. आधी नुसता नाद असतो. मग डोळ्याचं पातं लवेपर्यंत ‘घंटागाडी’ हा शब्द येतो. त्याच्या पाठोपाठ ‘ओला कचरा बाहेर ठेवायचा राहिला’. हे तीन थर वेगळे दिसायला पाच-सहा दिवस लागतात. दिसले की विचारायचं: आवाज बाहेर आहे आणि ऐकणारा आत, असं जे वाटतंय ते ‘आत’ नेमकं कशाचं बनलं आहे?

उत्तर विचारानं द्यायचं नाही, बघायचं. बहुतेकांना डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या आत एक दाब सापडतो. तो सापडला की तो ‘बघितला गेलेला’ झाला, म्हणजे बघणारा तो नव्हे. मग जबड्यात हलका ताण, जीभ टाळूला लागून शब्द बनवायच्या तयारीत, घशात बारीक हालचाल. एकेक पकडला की तोही समोर येतो. आणि मग कधीतरी, दोन-तीन सेकंद, समोर-मागे असं काही उरत नाही. नाद असतो. ऐकणं आणि नाद यांच्या मधे बोट घालायला जागा नसते. लगेच ‘झालं! हेच ते!’ असा विचार येतो आणि तो पुन्हा कपाळामागे दाब घेऊन येतो. तिथं वैतागू नये. दाब आला हेही जाणावं आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये. डोळ्यांवर ताण देऊन मागे वळून बघायचा प्रयत्न केला तर डोकं दुखतं, ही सर्रास होणारी चूक आहे. डोळे बंद असूनही बुबुळं वर चढलेली असतात. ती खाली सोडावीत.

बघणारा सापडला नाही, एवढं निरीक्षण दोघांचंही सारखं. बौद्ध परंपरा त्यावरून अनात्म म्हणते, म्हणजे आत्मा नाहीच. अद्वैती म्हणतो, जो दिसत नाही तोच द्रष्टा. माझ्या मते सतरंजी हा निकाल देत नाही. एकाच निरीक्षणावर दोन अनुमानं उभी आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या थोर माणसांनी आयुष्य घालवून ती मांडली आहेत. ती घाईनं एक करून टाकणं हा दोघांचाही अपमान आहे.

विज्ञानाबद्दलही हेच. ‘ध्यान विज्ञानानं सिद्ध झालं’ हे वाक्य ऐकलं की काय सिद्ध झालं ते विचारावं. जडसन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की मुरलेल्या साधकांच्या मेंदूत, मन स्वतःभोवती घोटाळतं तेव्हा जो भाग जास्त चालतो, तो ध्यानात तुलनेनं शांत असतो. हे काम मोलाचं आहे. पण २००८ चा खालसा आणि सहकाऱ्यांचा प्रयोग तितकाच मोलाचा आणि तो फारसं कुणी सांगत नाही. त्यांनी तिबेटी बौद्ध आणि कुंडलिनी पद्धतीच्या अनुभवी साधकांना नाडीला हात न लावता स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखायला लावले. साधक इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. आपल्याला चांगलं जमतंय असं मात्र त्यांना जास्त वाटत होतं. शरीर बघण्यात वर्षं घालवणाऱ्यानं हा निष्कर्ष उशाशी ठेवावा. जाणिवेची खात्री वाढते आणि अचूकता तिथंच राहते, असं होऊ शकतं.

आणि मूळ प्रश्न तर अजून उघडाच आहे. मेंदूतल्या पेशींच्या हालचालीबरोबर ‘जाणवणं’ मुळात का असतं, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ मध्ये कठीण प्रश्न म्हटलं. २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्टपणे सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी त्यांच्याशी १९९८ मध्ये लावली होती. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी जाहीरपणे हार मान्य केली. याचा अर्थ ‘म्हणजे आत्मा आहे’ असा होत नाही. खूण स्पष्ट सापडली नाही, इतकाच होतो. मला स्वतःला हा उघडेपणा फार प्रिय आहे. पहाटे बसताना त्यामुळे हुरूप येतो, कारण आपण जे बघतोय ते आधीच कुणी सोडवून ठेवलेलं गणित नाही.

घरच्या बैठकीसाठी एक दोनशे पानी वही करावी. बैठक संपल्यावर आधी पाय सोडून दोन मिनिटं तसंच बसावं, मग लिहावं. डाव्या पानावर पेननं फक्त झालेलं: तारीख, मिनिटं, झोप कितव्या मिनिटाला आली, उजव्या गुडघ्यात काय होतं, आवाज आल्यावर आधी काय आलं आणि नंतर काय. ‘शांत वाटलं’ असं लिहू नये. खांदे खाली होते का, श्वास किती लांब होता, ते लिहावं. त्यावरून काय वाटतं ते उजव्या पानावर, पेन्सिलनं. महिन्यातून एकदा मागची पानं वाचावीत. डावी पानं तशीच राहतात, उजवी बरीच खोडून लिहावी लागतात.